पिंपातली आई

त्या घरात आई एकच होती आणि ती पिंपात राहायची. शिरक्यावर, म्हणजे व्हिनेगरवर, जी जाड, पिवळसर, बुळबुळीत साय धरते तिला त्या धंद्यातली माणसं आई म्हणतात. जुन्या पिंपातली आई थोडी काढून नव्या रसावर सोडली की ती तिथे अंग धरते, पसरते आणि रसाचा शिरका करते. घरच्या म्हातारीनं ती आपल्या सासूकडून घेतली होती. पोरं बोलायला लागली तेव्हाच तिनं त्यांना बजावलं होतं, "आई ती, पिंपातली. मला बाई म्हणा. नाहीतर एकीला हाक माराल आणि दुसरी ओ देईल." या गोष्टीवर घर पुष्कळ वर्षं हसलं. मुलगा, मुलगी, मागून आलेली सून, सगळे तिला बाईच म्हणत.

उन्हाळा संपता संपता बाईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. जी बाई गल्लीच्या टोकाला उभ्या गाडीवानाला घरातून शिव्या हासडायची, तिच्या तोंडातून आता तीनच शब्द फुटत: हा, नको आणि आई. तेसुद्धा नेमक्या वेळी नेमके येतील याचा भरवसा नव्हता. दवाखान्यातून घरी सोडताना, पाऊल लोंबून वाकडं होऊ नये म्हणून, उजवा पाय कापूस लावून, पट्ट्या गुंडाळून एका फळीला बांधून दिला होता. रोज सोडायचा, पुसायचा, टाच बघायची आणि पुन्हा बांधायचा, असं सिस्टरनं सुनेला दोनदा सांगितलं. सुनेनं दोन्ही वेळा मान हलवली. सुरुवातीला तिनं ते अगदी मनापासून केलंही.

बाईची खाट घराला लागून असलेल्या पिंपांच्या शेडच्या दाराशी टाकली होती, पाय दाराकडे करून, म्हणजे तिला पडल्या पडल्या पिंपं दिसावीत. दार लावलं की ती डाव्या हातानं खाटेवर आपटायची आणि रडायची. म्हणून दार सदा उघडं असे. पलीकडे, लाकडी घोड्यांवर आडवी टाकलेली पिंपं, त्यांच्या कुशीला हवेसाठी पाडलेली भोकं, भोकांवर चिलटं जाऊ नयेत म्हणून ताणून बांधलेलं पातळ कापड, आणि या सगळ्यावरून खोलीत येणारा तो आंबट, नाकात चावणारा वास.

सुनेचा नवरा लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याला हा धंदा कधी आवडला नाही. लहानपणी शाळेत त्याला 'आंबट्या' म्हणत, ते त्याच्या डोक्यात अजून होतं. हंगामाची सफरचंदं यायच्या आधी तो एकदा जेवता जेवता म्हणाला, "सिमेंटवाला शेड भाड्यानं मागतोय. पोती ठेवायला."

"आणि पिंपं?"

"फोडून जळण. बाई उभी होती तोवर गोष्ट वेगळी होती. तरी गेल्या वर्षी एका पिंपाला वास सुटला आणि व्यापारी नाकाला रुमाल लावून भर गल्लीतून परत गेला. आठवतंय ना?"

"एक हंगाम मला द्या. मी करते."

"तू?" तो हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं. "दिला. पण घरात घाण सुटली तर मग मी ऐकायचा नाही."

"हळू बोला हो. बाई ऐकतायत."

"ऐकू दे. तिला काय कळतंय."

बाईनं तोंड भिंतीकडे वळवलं. तिला सगळं कळत होतं, हे सुनेला माहीत होतं. ते सांगून नवऱ्याशी भांडायचं त्राण मात्र तिच्यात नव्हतं.

ही सून शिरक्याच्या घरातली नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिचं डोकं उठायचं. बाईनं तिला हाताला धरून, कधी हातावर मारून शिकवलं. कुजका भाग कापताना हात आखडायचा नाही, कुजकं एक फळ गेलं की पिंपभर बोंब. लोखंडाचं काही आत बुडवायचं नाही. पिंप गळ्यापर्यंत भरायचं नाही, आईला श्वास घ्यायला जागा ठेवायची. ऊब हवी, उकाडा नको. बाईचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घाईला वास येतो." आणि दुसरं त्याहून कडक: वास मारणारं पिंप गिऱ्हाईकाला दाखवायचं नाही, आपल्या हातानं ओतायचं. सुनेनं कितीही जीव तोडून केलं, तरी बाई बोटानं चाखायची, जीभ टाळ्याला लावायची आणि म्हणायची, "जमेल." चांगला झालाय, असं तिनं सुनेला कधी म्हटलं नाही. त्या एका शब्दासाठी सून इतकी वर्षं आसुसली होती. आता तर बाईला शब्दच उरले नव्हते, तरी आशा सुटत नव्हती. निदान मान तरी हलवेल, असं तिला वाटायचं.

त्या वर्षी पाऊस हलायलाच तयार नव्हता. सफरचंदं पिकायच्या आधीच गळून चिखलात पडली. बागवाल्यानं गाडी अंगणात उपडी केली आणि वर म्हणाला, "निवडून घ्या, ताई. निम्मं तर नक्की चांगलं आहे."

"निम्मं चांगलं म्हणजे निम्मं वाईट."

"तसंही म्हणता येईल," म्हणून तो गेला.

मग दिवस कसे गेले ते तिचं तिलाही कळलं नाही. उजाडलं की बाईला पुसायचं, चहा पाजायचा, कपडे बदलायचे आणि अंगणात बसायचं. एकेक फळ धुवायचं, कापायचं, कुजकं काढायचं, ठेचायचं, फडक्यात बांधून रस काढायच्या दाबयंत्राखाली ठेवायचं आणि दांड्याला लोंबकळून पिळायचं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आणि त्यात रस गेला की डोळ्यांतून पाणी येई. पाठ संध्याकाळी सरळ होत नसे. रस पिंपात गेला, फसफसला, उतू जाऊ लागला, तशी ती त्याच्यामागे तान्ह्या पोरामागे असावं तशी होती. फेस काढ, तोंड पूस, बाहेर गारठा पडला की पोती गुंडाळ, ऊन निघालं की सोड.

या धबडग्यात फळीच्या पट्ट्या रोजच्या होत्या त्या एक दिवसाआड झाल्या, आणि मग उद्यावर गेल्या. वरून पट्टी पांढरी दिसत होती. बाई ओरडत नव्हती. सून जाता येता पाय दाबून बघायची आणि म्हणायची, "बाई, आजचा दिवस चालवून घ्या हं. उद्या नीट सोडते." बाई म्हणायची, "हा." कधी म्हणायची, "नको."

फसफस शमली. सुनेनं जुन्या पिंपातली आई लाकडी डावानं उचलली आणि एकेका पिंपात अलगद सोडली. ती बुडाली नाही, तरंगत राहिली. बुडाली असती तर अपशकुन. थोड्याच दिवसांत पातळ साय कडेपर्यंत गेली आणि खोलीत तो ओळखीचा, नाकात चावणारा वास आला. सून शेडमध्ये एकटी उभी राहून हसली. वाटीत थोडा घेऊन ती खाटेशी गेली, पण बाई झोपली होती.

त्याच सुमारास नणंद शहरातून बाईला बघायला आली. दारातच तिनं नाकावर ओढणी धरली.

"वहिनी, माणसाला असं ठेवतात का? पिंपांच्या तोंडाशी?"

"दार लावलं तर रडतात, वन्सं. तुम्हीच लावून बघा."

नणंद खाटेपाशी बसली, बाईचे केस विंचरून दिले. बाईनं डावा हात उचलून दाराकडे केला. "आई," ती म्हणाली. "आई. आई."

नणंदेला आधी हसू आलं, मग रडू. "बघ गं वहिनी. पोटची पोर समोर बसलीय आणि हिचा जीव अजून त्या पिंपात."

"आई छान आहे, बाई," सून मोठ्यानं म्हणाली. "कडेपर्यंत धरलीय. काळजी करू नका."

बाईनं डोळे मिटले आणि डाव्या हातानं चादर मुठीत धरली. दोघींना वाटलं, तिचं समाधान झालं.

वास पहिल्यांदा शिंपिणीला आला. पलीकडच्या भिंतीला तिचं दुकान होतं आणि तिचं तोंड तिच्या कात्रीसारखंच चालायचं. "काय गं, पिंपात उंदीर पडलाय की काय? कापड टाकायला आलेलं गिऱ्हाईक माप न देता पळालं माझ्याकडून."

"शिरक्याचा वास नवीन आहे का तुम्हाला?"

"शिरक्याचा असता तर बोलले असते का? तुमच्या शिरक्याच्या वासात जन्म गेला माझा. हा वेगळा आहे."

वेगळा होता. सुनेलाही आदल्या दिवसापासून शंका होती, पण ती मनाशी कबूल करत नव्हती. सडक्या अंड्याचा वास आला तर रस कोंडलाय, हे तिला ठाऊक होतं. रंगाच्या दुकानासारखा आला तर हवा कमी, उकाडा जास्त. जुन्या लोण्यासारखा आला तर भांडं घाण. हा त्यातला एकही नव्हता. गोडसर, ओला, पोटात ढवळणारा. ती पिंपापिंपाशी नाक लावत फिरली. दाराजवळच्या पिंपाशी तो जास्त येत होता. तिथून पुढे कमी कमी.

तिनं शेड धुतली. चुना टाकला. भोकांवरची कापडं उकळून पुन्हा बांधली. खिडक्या सताड उघडल्या. वारा सुटला की वास जाई आणि वारा पडला की पुन्हा येई. ती बोट बुडवून चाखायची. चव सरळ होती, स्वच्छ, शेवटाला फळाची. पण वास होता. चव बरोबर आणि वास चूक, असं कसं होईल? तिचा तिच्या जिभेवर कधीच विश्वास नव्हता. विश्वास बाईच्या जिभेवर होता.

"सुटली ना घाण?" नवरा उंबऱ्यातच चपला काढता काढता म्हणाला. "व्यापारी परवा येतोय. पुन्हा गल्लीत तमाशा?"

"बाईंना विचारते."

"विचार. भिंतीला विचारलंस तरी चालेल."

तिनं दाराजवळच्या पिंपातला शिरका वाटीत काढला आणि बाईच्या नाकाशी धरला. बाईला त्या दिवशी जरा कणकण होती, गाल तापले होते. तिनं वास घेतला. सून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बाई, काय बिघडलंय हो? नीट सांगा मला. वास कशाचा येतोय?"

बाईचे डोळे भरून आले. तिनं वाटी बाजूला ढकलली, थोडा सांडला. डावा हात उचलला आणि पायांच्या दिशेनं, दाराच्या दिशेनं, केला. "आई," ती म्हणाली. "आई… आई…"

"आई बिघडलीय?"

"आई."

"काढून टाकू तिला?"

बाई हुंदका देऊन म्हणाली, "हा."

सुनेनं वाटी खाली ठेवली. बाईच्या सासूपासून चालत आलेली ती, आणि आपल्या हातात आल्यावर पहिल्याच हंगामात मेली. पण बाईचा शब्द म्हणजे शब्द. तिनं डावानं एकेका पिंपातली साय गोळा केली. ती हाताला जड लागली, चामड्यासारखी चिवट, कुठे काळा डाग नाही. जुन्या पिंपातलीही काढली, तिथूनच रोग आला असणार म्हणून. परसात खड्डा करून सगळी पुरली आणि माती लोटताना ती ढसाढसा रडली.

वास गेला नाही.

मग राहिलं ते बाईचंच दुसरं वाक्य: वास मारणारं पिंप आपल्या हातानं ओतायचं. व्यापारी येण्याच्या आदल्या दिवशी नवरा वखारीतून लवकर आला. दोघांनी मिळून पिंपांची बुचं काढली. शिरका फरशीवरून नालीकडे धावला, सोनेरी, नितळ, आणि सगळ्या गल्लीभर नाक झणझणलं.  एका पिंपाला हात लावताना नवरा थांबला आणि म्हणाला, "रंग तर चांगला दिसतोय."

"बाईंनी सांगितलंय," ती म्हणाली.

खाटेवरून बाई हे सगळं बघत होती. ती "नको, नको" म्हणत होती. पण ती खाऊ घालतानाही नको म्हणायची, अंग पुसतानाही नको म्हणायची. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून उठली, चुलीशी गेली आणि तिथेच थबकली. शेड रिकामी होती. शिरक्याचा वास ओसरला होता. आणि तो दुसरा वास घरात भरून राहिला होता, आता आड यायला काहीच नव्हतं म्हणून जास्तच. ती सवयीनं शेडमध्ये गेली. तिथे कमी. दाराशी आली. तिथे जास्त. ती वाकत वाकत, नाक पुढे करून, पिंपांशी जाई तशी खाटेशी आली. उशाशी नाही. पोटाशी नाही. मग तिनं पायांवरची चादर उचलली.

पट्टी वरून अजून पांढरीच होती. खालच्या बाजूला, फळीला टेकलेली, ती तपकिरी झाली होती. सून ती सोडायला लागली तशी बाई ओरडली, "आई!" शेवटची घडी कातडीला चिकटली होती. तिनं पाणी लावून ती सोडवली. टाच नव्हतीच तिथे, टाचेच्या जागी जे होतं ते काळं आणि ओलं होतं, आणि त्यातून पांढरं काही दिसत होतं.

"आई… आई…" बाई कण्हत होती. कुणीही दुखल्यावर कण्हतं तसंच. सगळ्या जगात माणूस दुखलं की आईला हाक मारतं, आणि या घराला तेवढं कळलं नाही. सुनेनं तो पाय मांडीवर घेतला. 

दवाखान्यात सिस्टरनं जखम उघडली आणि तिचा चेहरा बदलला. "रोज सोडून बघा म्हणून सांगितलं होतं ना?"

"हो," सून म्हणाली.

"एवढा वास येत होता. घरात कुणाला कळलं नाही?"

 सिस्टर वर बघून उत्तराची वाट पाहू लागली, तेव्हा नवरा खाली मान घालून म्हणाला, "आमच्याकडे वास असतोच."

विष वर चढलं होतं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नणंद आली, बाकावर सुनेशेजारी बसली. सून मनातल्या मनात शिव्यांची वाट बघत होती. त्या मिळाल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं.

"माझ्यासमोर आई आई करत होती," नणंद म्हणाली. "आणि मी हसले."

"माझ्यासमोर तर रोज करत होत्या, वन्सं."



बाई घरी आली तेव्हा पाऊस सरला होता आणि अंगणात पातळ ऊन पडलं होतं. तिचं वजन निम्मं झालं होतं. नवऱ्यानं तिला उचलून खाटेकडे नेलं, तर ती खाटेवर आपटू लागली आणि शेडकडे हात करू लागली.

सून धावली. "कुठे दुखतंय बाई? दाखवा. इथे? इथे?" तिनं चादर काढली, कापलेल्या पायाची पट्टी बघितली, पाठ बघितली, कूस बघितली. आता ती दिवसातून चार वेळा असं सगळं अंग बघायची.

"नको," बाई म्हणाली, आणि पुन्हा शेडकडे हात केला.

"तिकडे जायचंय तिला," नवरा म्हणाला. "नेतो. नाहीतरी सिमेंटवाला उद्या पोती टाकणार आहे."

त्यानं तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट शेडमध्ये नेलं. पिंपं तशीच होती, बुचं उघडी, धुतलीही नव्हती. सुनेला त्या दिवसानंतर आत पाय टाकवला नव्हता. बाईनं एकेका पिंपाकडे बघितलं. कुशीची कापडं सुकून वाऱ्यावर हलत होती. तिनं दाराजवळच्या पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं आणि वास घेतला, एकदा, दोनदा. मग डावा हात आत घातला. तळाला थोडा गाळ उरला होता, दाट झालेला. तिनं बोट बुडवून काढलं आणि तोंडात घातलं. जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला.

सून दारातच उभी होती. तिला पळून जावंसं वाटत होतं.

बाईचे ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. तिच्या तोंडातून आधी नुसती हवा आली, मग थुंकी आली, मग शब्द.

"चांग…ला," ती म्हणाली. दम घेतला. "होता."

"काय म्हणाली?" नवऱ्यानं विचारलं.

 बाईनं पुन्हा बोट बुडवलं आणि या खेपेला ते सुनेपुढे धरलं, चाख म्हणून. ती हात खाली घेईना. सून पुढे आली, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं ते बोट तोंडात घेतलं. शिरका खरोखर चांगला झाला होता.